क्वार्टर सोडण्याआधी

भिलाईच्या सेक्टर २ मध्ये उभं आयुष्य गेलेल्या माणसाला घराची भाषा येत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि कारखान्याच्या सोबतीने ही टाउनशिप वाढत गेली. नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. नळ गळला, तक्रार नोंदवली. भाडं पगारातून परस्पर कापलं गेलं. नागपूर-पुण्याकडचे आपले भाऊबंद तिशीतच साठेखत, सातबारा, ईएमआय, टायटल सर्च या शब्दांशी झटापट करून मोकळे होतात. आपल्याला तेच शब्द साठीला टेकल्यावर एकगठ्ठा भेटतात. तेही पीएफ-ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यात पडण्याच्या सुमारास, जेव्हा दलालापासून दूरच्या भाच्यापर्यंत सगळ्यांना अचानक आपली काळजी वाटू लागते.

म्हणून हे आवाहन. ज्यांच्या रिटायरमेंटला पाच-सात वर्षं उरली आहेत त्यांनी वाचावंच, पण त्यांच्या मुला-मुलींनीही वाचावं, कारण कर्जाच्या कागदावर शेजारची सही बहुधा त्यांचीच असणार आहे.

मागणं एकच आहे: जो शब्द कळला नाही त्याखाली सही करू नका आणि त्यासाठी पैसेही देऊ नका. प्लांटमध्ये परमिट हातात आल्याशिवाय आपण कधी लाइनला हात लावला नाही. ‘बंद आहे, करा सुरू’ असं कुणी तोंडी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. तीच माणसं वीस-पंचवीस लाखांचा प्लॉट ‘अपना आदमी है’ एवढ्या भरवशावर घेतात, तेव्हा नवल वाटतं.

सुरुवात आपल्या पायाखालच्या जमिनीपासूनच करू. सेक्टरमध्ये तीन शब्द एकाच दमात उच्चारले जातात: लायसन्स, लीज आणि रजिस्ट्री. तिन्हींचा अर्थ ‘घर आपल्याकडे आहे’ असाच धरला जातो. कायद्याच्या नजरेत त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

लायसन्स म्हणजे राहायची परवानगी. रिटायर झाल्यावर अनामत ठेवून ठरावीक मुदतीसाठी क्वार्टर ठेवता येतं, ते या सदरात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे लायसन्सने मालमत्तेत कोणताही हक्क तयार होत नाही. तुम्ही आत लाखाच्या टाइल्स बसवा, मागे शेड काढा, पुढे जाळी लावा, हक्क तेवढाच राहतो, म्हणजे शून्य. ते विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, मुलाच्या नावावर करता येत नाही.

लीज म्हणजे भाडेपट्टा. सेलने, म्हणजे कारखाना चालवणाऱ्या सरकारी कंपनीने, २००० नंतरच्या काही वर्षांत इथली बरीच क्वार्टर्स दीर्घ मुदतीच्या लीजवर कर्मचाऱ्यांना दिली. यात तुम्हाला त्या मुदतीपुरता खरा हक्क मिळतो, पण जमीन कारखान्याचीच राहते आणि हस्तांतरणाच्या अटी लीज डीडमध्ये लिहिलेल्या असतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. तेव्हा कुणी ‘लीजचं क्वार्टर काढायचंय, स्वस्तात देतो’ म्हणालं तर चार गोष्टी मागा: नोंदवलेलं लीज डीड, त्यातली उरलेली मुदत, हस्तांतरणाचं कलम आणि कारखान्याची लेखी ना-हरकत. बँकही हेच बघते. लीजची उरलेली मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा चांगली जास्त नसेल तर ती कर्ज देत नाही. बँक ज्यावर पैसे लावायला तयार नाही त्यावर तुम्ही आयुष्याची पुंजी का लावावी?

रजिस्ट्री म्हणजे विक्रयपत्र, आपल्याकडचं खरेदीखत. मालकी बदलते ती फक्त याने. इथे ज्याला इकरारनामा म्हणतात ते आपलं साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचं वचन. त्याने मालकी येत नाही. नोटरीचा शिक्का कितीही गोल आणि लाल असला तरी ती नोंदणी नव्हे. आणि मुख्तियारनामा, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नीवर झालेली ‘विक्री’ ही तर विक्रीच नाही; सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. तरीही मुख्तियारनामा, शपथपत्र आणि पैसे मिळाल्याची पावती अशी तीन कागदांची जुडी दाखवून व्यवहार होतात. जुडी जाड असते म्हणून माणूस फसतो.

क्वार्टरबद्दल आणखी एक. मुदत संपल्यावरही ते सोडलं नाही तर दंडात्मक भाडं सुरू होतं, आणि ते ग्रॅच्युइटीतून वळतं करून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सेलच्याच एका प्रकरणात २०२० मध्ये म्हटलं. त्यामुळे ‘घर जरा अर्धवट आहे, होईल सहा महिन्यांत’ हे वाक्य आपल्यासाठी इतरांपेक्षा महाग आहे. तिकडे ठेकेदाराचं काम लांबतं, इकडे दंडाचं मीटर पळतं, आणि ज्या पैशातून स्लॅब पडायचा त्याच पैशाला कात्री लागते. घर किमान वर्षभर आधी राहण्याजोगं होईल अशाच बेताने काम हाती घ्या.

आता जमिनीकडे. टाउनशिपबाहेर पडलं की रिसाली, मरोदा, जुनवानी, कोहका, बोरसी, उतई अशा दिशांना माणसं प्लॉट शोधत फिरतात. पहिला गोंधळ मापाचा. आपले विदर्भातले पाहुणे गुंठ्यात बोलतात, इथला पटवारी आणि दलाल डिसमिलमध्ये. एकराचे शंभर डिसमिल, म्हणजे एक डिसमिल ४३५.६ चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे बरोबर अडीच डिसमिल. पाच डिसमिल सांगितले तर २१७८ चौरस फूट झाले पाहिजेत; त्यात समोरचा रस्ता धरला आहे की नाही, हे तिथेच टेप लावून विचारा. रस्ता तुमच्या प्लॉटमधून काढून तुम्हालाच विकण्याची कला या भागात चांगली विकसित झाली आहे.

दुसरा गोंधळ कागदांचा. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याची सवय असलेल्या डोळ्यांना इथे बी-वन आणि पी-टू दिसतात. बी-वन म्हणजे खतौनी, कुणाच्या खात्यावर किती जमीन. पी-टू म्हणजे खसरा, त्या तुकड्याचं वर्णन. छत्तीसगड राज्याच्या ‘भुइयां’ या संकेतस्थळावर खसरा क्रमांक टाकला की दोन्ही घरबसल्या दिसतात. विक्रेत्याने दिलेली झेरॉक्स आणि तिथली नोंद ताडून पाहायला दहा मिनिटं लागतात. फेरफाराला इथे नामांतरण म्हणतात. हल्ली रजिस्ट्रीबरोबरच नामांतरण करण्याची व्यवस्था सरकारने आणली आहे, तरी आपलं नाव बी-वनवर चढलं की नाही हे स्वतः बघावं. विक्रेत्याचंच नाव चढलेलं नसेल, जमीन अजून त्याच्या दिवंगत वडिलांच्या खात्यावर असेल, तर सगळ्या भावाबहिणींच्या सह्या लागतील, अगदी लग्न होऊन गोंदियाला गेलेल्या बहिणीचीही. ‘ती काही म्हणणार नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

आपण ज्याला एनए म्हणतो ते इथलं डायवर्शन: शेतजमीन राहण्याच्या वापरासाठी बदलून घेणं. छत्तीसगडच्या भू-राजस्व संहितेत त्याची तरतूद आहे. डायवर्शन नाही, नगर तथा ग्राम निवेश विभागाची लेआउट मंजुरी नाही, फक्त चुन्याच्या रेघा आहेत, तर ते अवैध प्लॉटिंग. विकणारा म्हणेल, ‘नियमितीकरण होऊन जाईल.’ राज्यात अनधिकृत बांधकामाच्या नियमितीकरणाचा २००२ चा कायदा आहे, हे खरं. पण तो शेताला कॉलनी करून देणारा कायदा नाही, आणि त्याच्या अटी व दंड तुमच्या माथी येतात, विकणाऱ्याच्या नव्हे. तसंच, जमीन मुळात आदिवासी खातेदाराची असेल तर तिची बिगर-आदिवासीला होणारी विक्री भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ च्या कडक निर्बंधात येते. मधे दोन-तीन हात बदलले तरी मूळ दोष पुसला जात नाही. म्हणून जुन्या खसऱ्यापासूनची साखळी वकिलाकडून तपासून घ्या, आणि वकील विक्रेत्याने सुचवलेला नको.

प्लॉटऐवजी बिल्डरचं घर घेणार असाल तर रेरा हा शब्द उपयोगी आहे. २०१६ चा हा कायदा ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरच्या किंवा आठहून जास्त घरांच्या प्रकल्पाला लागू होतो, आणि प्लॉटिंगलाही. नोंदवलेला करार होईपर्यंत बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो त्याने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा. आणि किंमत कार्पेट एरियावर बोलायची. कार्पेट म्हणजे आतला वापरायचा भाग, आतल्या भिंती धरून. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची वगळून. जिना, लॉबी, गेटवरच्या चौकीदाराची खोली असं सगळं वाटून फुगवलेला आकडा म्हणजे सुपर बिल्ट-अप. दोन घरांची तुलना करायची तर दोन्हींचे कार्पेट आकडे समोर ठेवा, बाकीचं माहितीपत्रक मुलांना चित्रं पाहायला द्या.

कर्जाची भाषा थोडी निवांत समजून घेऊ, कारण इथे माणूस लाजतो. बँकेच्या टेबलासमोर बसल्यावर ‘म्हणजे काय?’ असं विचारणं कमीपणाचं वाटतं. वाटू देऊ नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जाला मुख्य तथ्य पत्रक देणं सक्तीचं केलं आहे. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे आणि समजावून सांगितलं पाहिजे, असं त्या नियमातच आहे. व्याज, प्रोसेसिंग फी, वकिलाची फी, विमा असं सगळं मिळून कर्ज दरसाल किती टक्क्यांना पडतं, तो एक आकडा या पत्रकात असतो. दोन बँकांची तुलना त्या आकड्यावर करा, जाहिरातीतल्या दरावर नको.

ईएमआय म्हणजे दरमहाचा ठरलेला हप्ता, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या हप्त्याच्या पोटात काय असतं ते मात्र फारसं कुणी बघत नाही. २५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं असं धरू. हप्ता साधारण २१,७०० रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातले सुमारे १७,७०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल उतरतं ते जेमतेम चार हजारांनी. वीस वर्षांत भरायची एकूण रक्कम ५२ लाखांच्या वर जाते. हेच कर्ज दहा वर्षांत फेडलं तर हप्ता ३१,००० च्या आसपास, पण एकूण व्याज २७ लाखांऐवजी १२ लाखांच्या घरात. सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलात भरलेला जादा रुपया सर्वांत जास्त काम करतो तो यामुळे. व्यक्तीने घरासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजाच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. स्थिर दराच्या कर्जावर असू शकतो, तो पत्रकात बघा.

बदलता दर, म्हणजे फ्लोटिंग. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, बांधावी लागतात. रेपो वाढला की तुमचा दर वाढतो, उतरला की उतरतो. त्यावर बँकेचा स्वतःचा टक्का चढतो, त्याला स्प्रेड म्हणतात. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्या आपापला मूळ दर ठेवतात, आणि तो चढताना चपळ, उतरताना आळशी असतो असा पुष्कळांचा अनुभव आहे. दर वाढला की बँक सहसा हप्ता तसाच ठेवते आणि मुदत लांबवते. हे वरून सुखाचं दिसतं. वरच्याच उदाहरणात सुरुवातीलाच दर साडेआठचा साडेनऊ झाला आणि हप्ता तोच राहिला, तर वीस वर्षांची फेड पंचवीस वर्षं आठ-नऊ महिन्यांवर जाते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशाप्रमाणे अशा वेळी बँकेने तुम्हाला कळवायला हवं आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम भरायची, ही निवड तुमच्याकडे द्यायला हवी. पत्र येईल तेव्हा ते ड्रॉवरमध्ये टाकू नका.

बँक पूर्ण किंमत कधीच देत नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ऐंशी, त्यावर पंचाहत्तर, अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. उरलेला आपला हिस्सा म्हणजे मार्जिन. दहा लाखांपर्यंतची घरं सोडली तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही, म्हणजे तोही खिशातून. हा हिशोब आधी न करणारा माणूस रजिस्ट्रीच्या आठवड्यात मेव्हण्याला फोन करत बसतो.

मंजुरी आणि वितरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचवीस लाख मंजूर झाले म्हणजे खात्यात आले असं नव्हे. बांधकाम चालू असेल तर जोत्यापर्यंत, लिंटेलपर्यंत, स्लॅबपर्यंत अशा टप्प्यांनी रक्कम सुटते. तोवर उचललेल्या रकमेवर नुसतं व्याज भरावं लागतं, त्याला प्री-ईएमआय म्हणतात. दहा लाख उचलले तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला सात हजारांच्या वर, आणि त्यातून मुद्दल एका रुपयानेही कमी होत नाही. ठेकेदार रखडला की हेही रखडतं. व्याज मात्र रक्कम प्रत्यक्ष दिल्याच्या दिवसापासूनच लागलं पाहिजे, मंजुरीच्या किंवा चेक लिहिल्याच्या दिवसापासून नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावरून कर्जसंस्थांना फटकारलं होतं.

वयाचा मुद्दा आपल्या लोकांना सर्वांत जास्त नडतो. साठाव्या वर्षी पगार थांबतो, ईपीएसची पेन्शन तुटपुंजी, म्हणून बँक सुचवते, ‘मुलाला सहकर्जदार घ्या.’ मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला असतो, बाबांना नाही म्हणवत नाही, सही करतो. पुढे तो तिकडे स्वतःचं घर घ्यायला जातो तेव्हा भिलाईच्या कर्जाचा हप्ता त्याच्या पात्रतेतून वजा होतो. हप्ता चुकला तर त्याचाही सिबिल स्कोअर पडतो. त्याला भिलाईला परत यायचंच नसेल, तर ज्या घरात तो राहणार नाही त्याचा बोजा वीस वर्षं त्याच्या मानेवर ठेवायचा का, हे घरात सगळ्यांनी मिळून, सुनेलाही बसवून, ठरवावं. माझं मत विचाराल तर साठीनंतर घर लहान घ्यावं आणि कर्ज त्याहून लहान. तीन बेडरूम कशासाठी, याचं ‘दिवाळीला सगळे आले तर’ हे उत्तर फार महाग पडतं.

जामीनदार हा शब्द तर आपल्याकडे चहाच्या टपरीवर सुटतो. ‘बस एक साइन कर दे.’ शॉपमध्ये बरोबर काम केलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड, हे कबूल. पण १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. बँकेने आधी त्याच्याकडे जावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं बंधन नाही.

हप्ता तीन महिने थकला की खातं बुडीत वर्गात जातं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन बँक कोर्टात न जाताही घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. अडचण आली तर नोटिशीची वाट न पाहता आधीच शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. मुदत वाढवून घेण्याची बोलणी तेव्हाच होऊ शकतात.

विम्याबद्दल एकच वाक्य: कर्जाला जोडून जीवन विमा घेणं शहाणपणाचं आहे, पण त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळला तर त्यावरही वीस वर्षं व्याज भरावं लागतं, आणि बँक सांगेल त्याच कंपनीचा विमा घ्यायची सक्ती नसते.

आता विटा-सिमेंट. या बाबतीत भिलाईकराने हात टेकणं मला पटत नाही. रेल्वेचे रूळ आणि जहाजांच्या प्लेट्स करणारी माणसं आपण. हीट नंबर, टेस्ट सर्टिफिकेट हे शब्द तोंडपाठ. मग घराच्या सळईवर काय छापलंय ते बघायला लाज कसली? सळईवर ठरावीक अंतरावर कंपनीचं नाव आणि ग्रेड, उदाहरणार्थ ‘५०० डी’, उठवलेली असते. ५०० म्हणजे किती ताणापर्यंत ती कायमची वाकत नाही, आणि पुढचं ‘डी’ म्हणजे ती जास्त लवचीक आहे, भूकंपात एकदम तुटत नाही. वजनाचं सूत्र सोपं आहे: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग, भागिले १६२, की मीटरमागे किलो मिळतात. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो भरली पाहिजे, बारा मीटरची पूर्ण कांब साडेदहा किलोच्या थोडी वर. बरीच कमी भरली तर दुकानदाराशी बोला.

पाया ठरवण्याआधी माती बघा. इथले शेतकरी कन्हार, डोरसा, मटासी, भाठा अशी मातीची नावं सांगतात. भाठा म्हणजे मुरमाड, घराला चांगली. कन्हार म्हणजे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं घर हलवते. कन्हारमध्ये तीन फुटांवर पाया थांबवू नका. खाली घट्ट थर लागेपर्यंत जा, जोत्याला बीम बांधून घ्या, आणि इंजिनिअर म्हणाला तर अंडर-रीम्ड पाइल करा. वास्तुपूजेला आपण हौसेने जेवढा खर्च करतो तेवढ्यात मातीची तपासणी बहुधा होऊन जाते.

एम-२० हे काँक्रीटचं नाव स्लॅब-कॉलमसाठी किमान. साध्या प्रमाणात सिमेंट एक, वाळू दीड, गिट्टी तीन. पाणी एका गोणीला तीस लिटरच्या वर नको. पण मिस्त्रीला पातळ माल आवडतो, कारण तो पसरायला सोपा, आणि ढलाईच्या दिवशी पाण्याच्या बादलीवर कुणाचंच लक्ष नसतं. त्या दिवशी पाहुण्यांना पेढे वाटण्याऐवजी मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसा. सळईखाली कव्हर ब्लॉक लावलेत का, स्लॅबला किमान वीस मिलिमीटरचं कव्हर राहतंय का, तेही तेव्हाच बघायचं. नंतर गंज चढून छताचे पोपडे पडले की काही करता येत नाही. जुन्या क्वार्टर्सची छतं आठवा.

आपल्या भागात स्लॅग सिमेंट भरपूर वापरलं जातं, आपल्याच फर्नेसच्या स्लॅगपासूनचं. ते चांगलं असतं, पण ताकद सावकाश धरतं. त्याला पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग, किमान दहा दिवस, आणि आपल्या मे महिन्यात तर चौदा दिवस हवंच. सेंट्रिंग खोलायची घाई करू देऊ नका. ठेकेदाराला फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, त्याची घाई समजण्यासारखी आहे, पण स्लॅब तुमचा आहे.

ठेकेदाराशी बोलताना ‘चौरस फुटाला इतके’ एवढंच ठरवून उठू नका. तो फूट कशाचा? जोत्याचा, की छज्जे आणि जिन्याची टोपी धरून स्लॅबचा? दर नुसत्या मजुरीचा, की मालासकट? मालासकट असेल तर सळई, सिमेंट, वायर, नळ यांच्या कंपन्या कागदावर लिहा. सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, कंपाउंडची भिंत, बोअर यांतलं काय आत, काय बाहेर, हेही लिहा. ‘एक्स्ट्रा’ नावाचं प्रकरण इथूनच जन्म घेतं. पैसे झालेल्या कामाच्या टप्प्याने द्या आणि पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. गळती पावसाळ्यातच कळते.

शेवटी कर्ज फिटल्यावरचं काम, जे बहुतेक जण अर्धवट सोडतात. कागद बँकेत ठेवताना त्यांची यादी सही-शिक्क्यानिशी घेतलेली असू द्या. पूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे तिच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. परत आलेले कागद त्या यादीशी एकेक करून ताडा. सरसाई या केंद्रीय नोंदवहीतली गहाणाची नोंद निघाली का, ते बँकेकडून लेखी घ्या. बी-वन किंवा खसऱ्यावर ‘बंधक’ असा शेरा राहिला असेल तर बँकेचं नो-ड्यूज पत्र घेऊन तहसीलमध्ये तो काढून घ्या. बँकेने तक्रारीवर तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.